पाडव्याच्या दिवशीची नोंद

दिवाळीपर्यंत कादंबरीचा पहिला खर्डा हातात हवा. एवढं एकच मोठं ठरवलंय. उजनीच्या पाण्याखाली गेलेलं भीमाकाठचं गाव तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय. आता ते कागदावर उतरलं पाहिजे. रोज पहाटे एक पान. ते चांगलं की वाईट, हे त्या दिवशी ठरवायचं नाही.

वाचन यंदा कमी, पण पुन्हापुन्हा. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) किती छोटं! एका बोटीवरच्या प्रवासात सगळा युरोप पेटायच्या बेतात असल्याची जाणीव होते, आणि तरीही गोष्ट दोन माणसांचीच राहते. हे कसं साधलं, ते पेन्सिल हातात घेऊन शोधायचंय. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) मात्र मोठ्यानं वाचणार. कौतिकचं जगणं वऱ्हाडी बोलीतूनच उभं राहतं. ती बोली काढली तर काय उरेल? माझ्या माणसांची बोली इंदापूरकडची. ती घरात बसून येणार नाही.

म्हणून मे महिन्यात पळसदेवला जायचं. धरणाचं पाणी ओसरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं. जमीन गेली तेव्हा तरुण असलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. त्यांना भेटणं पुढच्या वर्षावर ढकलण्याजोगं नाही. पंचवीस मेच्या आत निघायचं, कारण पाऊस आला की वाट बंद.