चुनखडीचा दगड

इंदूरला लालबागेजवळ माझे मामा राहतात. त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी काचेची टाकी केली. तळाशी धार जिल्ह्यातील बाघकडची चुनखडी रचली. माळव्यात समुद्र कुठला? पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी बाघपर्यंत समुद्र होता. हा दगड त्याच तळाचा. लिंबू पिळताच तो फसफसला. समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात मात्र तो सहसा विरघळत नाही.

मामांना न विचारता मी दुसऱ्याच दिवशी दोन मासे सोडले. चार दिवसांत दोन्ही मेले. मी दोष दगडाला दिला. मामा म्हणाले, "अरे, माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू दगडावर वसायला महिना तरी लागतो."

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भांडवल घालताच नफा मागितला! यंदाच्या सुट्टीत महिनाभर नुसता दगड पाहत बसलो.