मित्राच्या वाडीत एक दिवस

आमच्या साताऱ्याकडे झाडवेड्यांचा एक कंपू आहे. त्यात निवृत्त गुरुजी आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, कोरेगावकडचे दोन आलेवाले शेतकरी आहेत, रोपवाटिका चालवणाऱ्या एक ताई आहेत आणि मी. वर्षातून एकदा कुणाची तरी बाग पाहायला जायचे, घरच्यासारखे जेवायचे आणि येताना पिशवीतून रोपे, बिया, फुटवे आणायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. २०२५ च्या जानेवारीत मी मंडळींना म्हटले, "यंदा माझ्या वर्गमित्राकडे जाऊ. श्रीवर्धनच्या बाजूला त्याची नारळी-पोफळीची वाडी आहे." दापोलीच्या कृषी महाविद्यालयात आम्ही एका खोलीत राहत होतो. पदवी घेऊन मी कृषी खात्यात आलो, तो सरळ घरी गेला. त्या वेळी आम्ही सगळे त्याला वेडा म्हणालो होतो.

पहाटे साडेचारला निघालो. वाई, महाबळेश्वर, आंबेनळीचा घाट उतरून पोलादपूर, मग महाड, माणगाव आणि म्हसळा. घाटावर कानटोप्या घालून बसलेली मंडळी पोलादपूरला गाडी थांबली तेव्हा स्वेटर काढू लागली. म्हसळ्याच्या पुढे हवा खारट झाली आणि दूर हिरवी रेघ दिसली. गुरुजी म्हणाले, "ते बघा माड!" आणि त्याच दमात म्हणाले, "पण मधे मधे दात पडल्यासारखे का दिसते?"

त्याचे उत्तर तारखेसकट सगळ्या किनाऱ्याला पाठ आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाचा वारा काही तास घुमत राहिला आणि तीन पिढ्यांनी उभ्या केलेल्या वाड्या आडव्या झाल्या.

मित्र बांधावर उभाच होता. केस पांढरे झालेत, हसणे तेच. वाडी दीड एकराची. घर, मागे विहीर, विहिरीवर जुन्या रहाटाचे नुसते खांब, आणि तिथून समुद्राच्या दिशेने उतरत गेलेली जमीन. वादळापूर्वी तीत सत्तर माड आणि साडेसहाशे पोफळी होत्या. वादळानंतर उभे राहिले एक्केचाळीस माड आणि एकशे बारा पोफळी. हे आकडे त्याने कागद न बघता सांगितले.

घाटावरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगून टाकतो. माड, पोफळ, ताड, शिंदी ही सगळी एकाच कुळातली भावंडे आणि आपल्या आंबा-कडुलिंबापेक्षा निराळी. त्यांना सोटमूळ नसते. बुंध्याच्या बुडातून केरसुणीसारखी तंतुमुळे फुटतात. खोडाला साल नसते आणि आंब्याच्या खोडासारखी वर्षावर्षाला जाडीही वाढत नाही. म्हणून एकदा पडलेली जखम कधी भरून येत नाही. काही ठिकाणी चढण्यासाठी माडाला पायऱ्यांच्या खाचा पाडतात. त्या खाचा झाडाच्या मरणापर्यंत तशाच राहतात, पाणी धरतात आणि किडीला दार उघडून देतात. शेंड्यात एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेले. खालून फुटवा येईल अशी आशा इथे नाही.

आमच्या डॉक्टरांना एका माडाचे वय हवे होते. मित्र म्हणाला, "मोजा की." माडाला महिन्याला साधारण एक झावळी येते आणि गळून पडलेल्या प्रत्येक झावळीचा वण खोडावर राहतो. बारा वण म्हणजे एक वर्ष, असा ढोबळ हिशेब. दोघे आलेवाले खालपासून मोजायला लागले. एकाचे उत्तर अडतीस वर्षे आले, दुसऱ्याचे चव्वेचाळीस. शेवटी घरातून आईंचा आवाज आला, "एकेचाळीस. माझ्या धाकटीच्या जन्माचा आहे तो."

आईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या फारशा उठत नाहीत, पण पडवीत बसून वाडीतला प्रत्येक आवाज ओळखतात. झावळी पडली की नारळ पडला, हे त्या न बघता सांगतात.

वाडीत हिंडताना पहिली नजर जाते ती पोफळींवर. बोटभर जाडीच्या रेघा काढाव्यात तशी सरळ खोडे, वर चवरीसारखा शेंडा, आणि जानेवारी असल्याने नारिंगी पिकलेले घड. या भागातली सुपारी रोठा म्हणून नाव मिळवून आहे. फळ मोठे आणि आत पांढरा भाग जास्त. पिकलेली सुपारी अंगणात सालासकट पसरली होती. ती चांगली खडखडीत व्हायला सव्वा ते दीड महिना कडक ऊन लागते. ताईंनी एक फळ हातात घेऊन विचारले, "भाऊ, सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो म्हणतात. मग लावायची कशाला?" प्रश्न अवघड होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे, ती तंबाखूशिवाय खाल्ली तरीही. मित्राने वाद घातला नाही. तो म्हणाला, "मी स्वतः खात नाही. घरात पूजेपुरती. पण आजोबांनी लावलेलं एकदम तोडून टाकवत नाही. म्हणून तर पुन्हा लावताना सगळी सुपारी लावली नाही."

आणि त्याने आम्हांला वाडीचा नवा भाग दाखवला. माडांत पंचवीस फुटांचे अंतर. मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, उभ्या पोफळींवर मिरीचे वेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नारळात मसाला पिकांची ही रचना लाखीबाग या नावाने सांगितली आहे. जायफळाचे एक बरे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. बी लावून सात-आठ वर्षे सांभाळले आणि नर निघाला, तर फळ नाही. म्हणून मादी झाडाची कलमे आणायची आणि परागासाठी मोजकेच नर ठेवायचे. मित्राच्या एका कलमावर फळ उकलले होते आणि आतल्या काळ्या बीवर जायपत्रीचे लालभडक जाळे दिसत होते. ताई त्या झाडापासून हलेचनात.

समुद्राच्या बाजूला त्याने उंडी आणि सुरूची दुहेरी रांग लावली आहे. वादळात कुणाच्या वाडीचे किती गेले हे त्याने नंतर सायकलवर हिंडून पाहिले होते. ज्यांच्या कडेला जुनी दाट झाडे होती त्यांचे नुकसान कमी दिसले. पोफळींचे मरण तर एकमेकींमुळे. वाऱ्याने पहिली रांग मोडली, ती दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर.

माडांची गोष्ट निराळी. बरेच माड वाकून, शेंडे पिळवटून का होईना, उभे राहिले. पण खरा घात पुढच्या दोन वर्षांत झाला. आडवे पडलेले ओंडके उचलायला माणसे मिळेनात. कुजणारे माडाचे खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचे बाळंतघर. भुंगा तिथे अंडी घालतो, अळ्या त्यात पोसतात आणि मोठा झालेला भुंगा रात्री उडून उभ्या माडाच्या कोवळ्या गाभ्यात शिरतो. न उलगडलेली पाने तो आत कुरतडतो. ती उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. गुरुजींनी वर बोट करून विचारले होते ती नक्षी तीच. शेणखताच्या खड्ड्यातही याच अळ्या असतात, म्हणून खत उपसताना पांढऱ्या, वाकड्या, अंगठ्याएवढ्या अळ्या दिसल्या की वेचून माराव्यात. भुंग्याने केलेल्या जखमेत मग सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या माड आतून पोखरतात. बाहेर कळते तेव्हा वेळ गेलेली असते. मित्राने तारेच्या आकड्याने भुंगे काढून, ओंडके चिरून जाळून, गंधसापळे लावून तीन माड वाचवले. चार गेले.

वाडीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात त्याच्या वडिलांची हौस आहे. तिथे पैशाचे झाड एकही नाही. मॉरिशसकडचा, बाटलीसारख्या पोटाचा बॉटल पाम आहे. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेर्ली माड आहे. हा एकदा वरून फुलायला लागला की घोस खाली खाली उतरत येतात आणि शेवटचा घोस झाला की झाड मरते. त्याची फळे हाताळू नयेत, गर लागला की खाज सुटते. एका आलेवाल्याने सांगूनही हाताळली. त्याचे पुढचे दोन तास विहिरीवर गेले. शेजारी रावणताड आहे, दीव-दमणच्या बाजूला दिसतो तो. माड-ताडाला फांदी फुटत नाही असे आपण म्हणतो, पण याचे एका खोडाचे दोन आणि दोनाचे चार होतात. आणि सगळ्यांच्या मागे तालीपाम, आपल्याकडे ज्याला बजरबट्टू म्हणतात. एकेक पान एवढे की खाली आम्ही सहाजण उभे राहिलो. याच्या पानांवर पूर्वी पोथ्या लिहीत. हे झाड तीस ते ऐंशी वर्षे नुसते वाढते, मग शेंड्यावर फुलांचा प्रचंड तुरा काढते, वर्षभरात फळे पिकवते आणि संपते. मित्राच्या मुंजीच्या वर्षी लावलेले आहे. वादळाने त्याची पाने फाडून चिंध्या केल्या होत्या, पण कोंब शाबूत राहिला. आई म्हणतात, "ह्यांनी लावलं, ह्यांना फूल दिसलं नाही. मला दिसेलसं वाटत नाही. नातवाला दिसलं म्हणजे झालं."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी आणि सोलकढी होती. वहिनींनी ताईंना सोललेले वाल बांधून दिले.

जेवण झाल्यावर मंडळी माजघरात आडवी झाली. मी पडवीत आईंजवळ बसलो. सहज म्हणालो, "आई, वाडी पुन्हा बरीच उभी केलीत." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पहिल्या खेपेला सगळं जळलं ना. तुला सांगितलं नाही वाटतं त्याने?"

मला सांगितले नव्हते. वादळानंतर वीज गेली होती, फोन बंद होते. बारा दिवसांनी म्हसळ्याहून त्याचा फोन लागला. काय करू, म्हणाला. मी साताऱ्यात बसून ऐटीत सल्ला दिला होता की पावसाळा तोंडावर आहे, एक वर्षही वाया घालवू नकोस, मिळतील तितकी सुपारीची रोपे आणून लाव. त्याने उसने पैसे काढून तीनशे रोपे आणली आणि उघड्या झालेल्या जमिनीत लावली. पावसात ती तरारली. ऑक्टोबरच्या उन्हात पाने करपली आणि फाल्गुनापर्यंत दोनशे तीस मेली. सुपारीच्या रोपाला पहिली काही वर्षे सावली लागते, कोवळ्या खोडाला दक्षिण-पश्चिमेचे ऊन सोसत नाही. हे मी परीक्षेत लिहिले होते. पण आयुष्यभर ज्वारी, ऊस आणि आल्यात वावरलो. डोक्यावरचे माडांचे छप्परच उडाले आहे हे त्या वेळी डोक्यात आले नाही.

"मी म्हटलं होतं, आधी केळ लाव," आई म्हणाल्या. "केळ सहा महिन्यांत सावली देते. पण तो म्हणाला, तो साहेब आहे, त्याला कळतं."

दुसऱ्या वर्षी त्यांनी केळी लावल्या आणि मग केळींच्या आडोशाने रोपे. तीच आता छातीपर्यंत आली आहेत. मधल्या काळात घर केळींवर आणि वहिनींच्या कोकम सरबतावर चालले. सरकारी मदत आली, सुपारीला झाडामागे ५० रुपये आणि माडाला २५० रुपये या दराने. त्याच काळात एक गिऱ्हाईक सगळी वाडी विकत मागत होते, पर्यटकांच्या खोल्या बांधायला. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचेही तेच म्हणणे होते. बापलेक आठ महिने नीट बोलत नव्हते. शेवटी रस्त्याच्या कडेच्या दोन गुंठ्यांत मुलाने दोन खोल्या बांधल्या आणि बाकीची वाडी राहिली.

मी उठून विहिरीवर गेलो. मित्र पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होता. मी म्हटले, "अरे, मला बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? रोपं तर मेली होती." त्याने फावड्याने पाट मोडला. "आणि तू फोन तरी उचललास. तेव्हा कुणी उचलत नव्हतं."

रोपांचे पैसे मी द्यायचे म्हटले, त्यावर तो एवढ्या जोराने हसला की माजघरातली मंडळी जागी झाली.

चार वाजता निघालो. ताईंच्या मांडीवर जायफळाची दोन कलमे, गुरुजींच्या पिशवीत भेर्ली माडाच्या वाळक्या बिया, फडक्यात घट्ट बांधलेल्या. गाडी सुरू झाली तेव्हा आईंनी नातवाच्या बायकोकरवी माझ्यासाठी केळीचे दोन मुनवे पाठवले, मुळांना ओला गोणपाट गुंडाळून. निरोपही होता, "परसात लाव म्हणावं. सुपारीचं रोप हवं असेल तर पुढच्या वर्षी ये, तोवर ह्यांची सावली पडू दे."

दोन्ही मुनवे आमच्या परसात लागले आहेत.