दोन ओळींसाठी एवढी तयारी

जावा ७ वरून ८ वर गेल्यावर आमची रात्रीची बॅच रेंगाळायला लागली. पहिला संशय अर्थात डेटाबेसवर. तो बिचारा नेहमीचा आरोपी.

बॅच म्हणजे एक शेल स्क्रिप्ट. दर फाइलीमागे ती नवी जेव्हीएम उठवायची आणि आत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला सवलतीचा नियम चालायचा. नियम तरी केवढा, दोन ओळींचा! आमच्या कोडला कुणी हातही लावला नव्हता. तो नुसतं ‘जावास्क्रिप्टचं इंजिन दे’ म्हणायचा, कुठलं ते सांगायचा नाही. जावा ६ पासून सोबत येणाऱ्या ऱ्हायनोची जागा २०१४ साली जावा ८ मध्ये नॅशहॉर्नने घेतली होती.

नॅशहॉर्नची ख्याती वेगाची, आणि ती खोटी नव्हे. तोच नियम लूपमध्ये लाखभर वेळा फिरवला, तर ऱ्हायनो पार मागे पडलं. पण आमच्याकडे तो दर प्रोसेसमध्ये एकदाच चालायचा.

शेवटी लोड होणारा प्रत्येक क्लास जेव्हीएमला छापायला लावला. टर्मिनल थांबेचना. आमचे क्लास मूठभर. बाकी नॅशहॉर्नचा पार्सर, कोड जनरेटर, आणि मागोमाग लॅम्डाफॉर्म, लॅम्डाफॉर्म, लॅम्डाफॉर्म. नॅशहॉर्नकडे इंटरप्रिटरच नाही. एकदाच चालणाऱ्या ओळीचाही आधी बाइटकोड करायचा, मग इन्व्होकडायनॅमिकची एकेक जोडणी लावायची. त्यात नॅशहॉर्न स्वतः जावात लिहिलेलं, म्हणजे सुरुवातीला तेही थंडच. जेआयटी त्याला गरम करीपर्यंत आमची प्रोसेस संपलेली असायची. कपभर चहासाठी लग्नाची भट्टी पेटवावी, तसला प्रकार.

‘एकच जेव्हीएम उठवू, नियम एकदा कंपाइल करू, सगळ्या फाइली तिच्यातूनच काढू,’ मी म्हटलं.

‘आणि एखादी फाइल खराब निघाली तर? पुढच्या सगळ्या अडकतील. ते नको, साहेब,’ रात्रपाळीवाले म्हणाले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पहाटे फोन त्यांनाच यायचे.

मग ऱ्हायनोची जार वेगळी आणून बसवली आणि ऑप्टिमायझेशनची पातळी उणे एक केली. म्हणजे बाइटकोड बनवायचाच नाही, सरळ इंटरप्रिटरने वाचत जायचं. कागदावर हा सर्वांत संथ पर्याय. बॅच मात्र पुन्हा वेळेत संपायला लागली.

२०२० मध्ये जावा १५ मधून नॅशहॉर्न काढूनच टाकलं, तेव्हा आमच्या बॅचला त्याचा पत्ताही लागला नाही. त्या ‘उणे एक’वर भुवया मात्र अजून उंचावतात. नव्याने आलेला प्रत्येक जण ते आधी बदलू पाहतो.