संग्रामपूर कुठे गेलं?

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३, माझ्या यादीत १२. संग्रामपूर गायब, आणि एरर एकही नाही. एरर आली असती तर परवडलं असतं. ती निदान बोंबलून सांगते.

काम तसं किरकोळ. एका जुन्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये तालुक्यांची अ‍ॅरे होती, घाटावरचे आधी, घाटाखालचे नंतर. फाइल माझ्या हाती आली ती एक लांबलचक स्ट्रिंग म्हणून. मी पहिला चौकटी कंस शोधला, पुढे जो पहिला बंद कंस दिसला तिथवर कापलं, स्वल्पविरामांवर तुकडे केले, अवतरणचिन्हं झटकली. झालं!

घोटाळा बाराव्या नावात होता. खानदेशातल्या जळगावशी गल्लत नको म्हणून कुणीतरी शहाण्याने 'जळगाव [जामोद]' असं लिहून ठेवलेलं. माझी कात्री जामोदपाशीच थांबली.

अवतरणाच्या आतला कंस हा कंस नसतोच, ते नावातलं एक अक्षर. आपल्या डोळ्यांना हे न सांगता कळतं, कात्रीला कळत नाही. मग एकेक अक्षर चाललो: अवतरण उघडलं की कंस मोजणं बंद, मिटलं की चालू, मागे बॅकस्लॅश असेल तर ते मिटलं असं धरायचं नाही. तेवढ्यात एका कॉमेंटमध्ये अर्धाच कंस सापडला. हात टेकले.

तयार जेसन-पार्स वापरावं, तर त्याला एकेरी अवतरणं चालत नाहीत. उरलं इव्हॅल. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या आवृत्तीत जेसन-पार्स भाषेतच आलं, त्याआधी लोक सर्रास इव्हॅल वापरायचे. पण इव्हॅल कोड वाचत नाही, चालवतं. नुसता पत्ता विचारायला जावं आणि घराची किल्ली देऊन यावं, तसला प्रकार.

शेवटी अ‍ॅकॉर्न घेतलं. हा पार्सर कोड न चालवता त्याचं झाड मांडून देतो. त्यात अ‍ॅरेची फांदी शोधायची, तिच्यावरची मूल्यं एकेक खुडायची. कंस, कॉमेंट, बॅकस्लॅश, सगळी उस्तवार त्याच्याकडे. यादी मोजली. १३. संग्रामपूर शेवटी, आपल्या जागेवर.

दुसरी फाइल उघडली. तिथल्या अ‍ॅरेत एकही तालुका नाही. तीन-तीन टिंबं देऊन फक्त दोन व्हेरिएबल्सची नावं: घाटावरचे, घाटाखालचे. खऱ्या याद्या तीनशे ओळी वर कुठेतरी. चहा ठेवला आणि घाट चढायला लागलो.