तसबिरीची पाठ बघा



आपल्या बेने इस्राएल घरांतल्या भिंती बघितल्या तर तसबिरी बहुतेक ठरलेल्या असतात. अग्निरथात बसून आकाशात जाणारा एलियाहू हन्नाबी तर हवाच. त्याच्या शेजारी आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो, आजी नऊवारीत आणि आजोबा काळ्या टोपीत. कुठे लग्नाचा केतुबा, कुठे नातवाने बालवाडीत रंगवलेलं यरुशलेम. मलिद्याचं ताट आपण एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, हे आपल्या मुलांना ठाऊक असतं ते बरंचसं त्या भिंतीवरच्या चित्रामुळे.

बाजारात ह्या तसबिरींना फारशी किंमत येणार नाही. कोणतं म्युझियम येऊन त्या सांभाळणार नाही. सांभाळायच्या तर आपणच. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी लिहिते.

मी सगळी नोकरी नर्सची केली. आम्हाला शिकवलेलं एक साधं सूत्र असं, की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचा नुसता चेहरा बघून जाऊ नका, त्याला कुशीवर वळवून पाठ बघा. चेहरा हसरा असतो आणि जखम पाठीला झालेली असते. तसबिरीचंही तसंच आहे. पुढून काच पुसली की आपल्याला वाटतं झालं काम. पण दुखणं असतं ते मागे.

जुन्या फ्रेमच्या मागे साधा तपकिरी पुठ्ठा किंवा लाकडाची पातळ फळी असते. अशा पुठ्ठ्यात आणि लाकडात आम्ल असतं. ते वर्षानुवर्षं कागदात उतरतं, आणि कागद पिवळा, मग तपकिरी होतो, शेवटी पापडासारखा मोडतो. गेल्या दीडशे वर्षांतला बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणून मुळातच नाजूक, आणि त्यात पाठीला असा सोबती! उपाय अवघड नाही. फ्रेमच्या दुकानात गेलात की 'ब्ली हुम्त्सा', म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा मागा. मागे तोच, आणि पुढे काच व चित्र यांच्यामध्ये जी रुंद पट्टी बसवतात, ज्याला इथे पासपार्तू म्हणतात, तीही त्याच जातीची. ही पट्टी नुसती शोभेची नाही. तिच्यामुळे काच चित्राला टेकत नाही. फोटो काचेला टेकला आणि दमट हवा लागली की त्यावरचा थर काचेला चिकटून बसतो.

तसा चिकटलेला असला तर ओढू नका. चाकू घालू नका, पाण्यात तर मुळीच बुडवू नका. काचेसकटच त्याचा चांगला फोटो काढून ठेवा आणि कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. जखमेला चिकटलेली पट्टी आपण खसकन ओढतो का?

दुसरा शत्रू सेलोटेप. फाटलं की लाव टेप, ही आपली सवय. माझ्या सासऱ्यांचा फोटो एका फ्रेमवाल्याने टेपने आणि गोंदाने पुठ्ठ्याला पक्का करून दिला. आज त्या टेपच्या जागी चारी कोपऱ्यांवर तेलाचे डाग पडावेत तसे डाग आहेत, आणि ते जायचे नाहीत. मोठमोठ्या पंडितांच्या हातूनही हेच झालेलं आहे. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचे तुकडे १९५० च्या दशकात जुळवताना अभ्यासकांनी चिकटपट्टी वापरली. ती चामड्यात मुरली. १९९१ मध्ये इस्राएलच्या पुराणवस्तू खात्याने त्यांच्यासाठी खास प्रयोगशाळा काढली, आणि तिथल्या तज्ज्ञांना तुकड्या-तुकड्यावरची पट्टी आणि तिचा डिंक हलक्या हाताने काढत बसावं लागलं. तेव्हा चित्र फाटलं असेल तर तुकडे एका स्वच्छ कागदात जपून ठेवा, पण टेप लावू नका.

तिसरा शत्रू ऊन, आणि इथलं ऊन काय सांगावं! उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. म्युझियममध्ये कागदावरच्या चित्राला सुमारे ५० लक्स इतका मंद उजेड ठेवतात. उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्यावर हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. यरुशलेमला १९६५ मध्ये उघडलेल्या ग्रंथमंदिरात जाऊन आलेल्यांना आठवेल, आत किती अंधूक असतं. तिथेही एखादी गुंडाळी काही महिने मांडली की ती काढून अंधारात विश्रांतीला ठेवतात आणि दुसरी मांडतात. मग आपला केतुबा खिडकीसमोर तीस-चाळीस वर्षं कसा टिकेल? माझं मत विचाराल तर केतुबा आणि एकुलता एक जुना फोटो यांची चांगली रंगीत प्रत काढून भिंतीवर लावावी, आणि मूळ कागद सपाट, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. पाहुण्यांना फरक कळत नाही, कागदाला कळतो.

मुलांनो, तुम्ही एक प्रयोग करा. लाल घोटीव कागदाचा एक तुकडा घ्या, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. मग पुठ्ठा उचलून बघा आणि आजी-आजोबांनाही दाखवा. मग दुपारी त्रिस खाली का ओढायची ते त्यांना तुम्हीच समजावून सांगाल.

आता जागेविषयी. अश्दोद, अश्केलोन, हैफा इथे समुद्राची दमट हवा. हिवाळ्यात बाहेरची भिंत गार पडते, ओल धरते आणि बुरशी येते. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीचं फावतं, आणि कसरीलाही ओलसर जागाच आवडते. म्हणून तसबीर आतल्या भिंतीवर लावा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे लहान तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. दिमोना, येरुहाम, बेरशेबाला ओल कमी, पण धूळ फार. तिथे फ्रेमची मागची फट कागदी पट्टीने बंद करून घ्यावी. ती पट्टी फ्रेमला लावायची, चित्राला नाही. शेगडीवर, न्हाणीघरासमोर आणि हीटरच्या वर काहीही टांगू नये. पलंगाच्या उशाशी आणि मामादमध्ये काचेची फ्रेम नको. तिथे अॅक्रिलिक लावा, ते हलकं असतं आणि त्याच्या काचेसारख्या सुऱ्या होत नाहीत.

पेसाहच्या साफसफाईत तसबिरींचे फार हाल होतात. आपण स्पोंजाच्या धुंदीत असतो, हातात एकोनोमिकाची बाटली असते. काचेवर थेट काही फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेतून आत शिरतं. मऊ फडक्यावर थोडं घ्या आणि काच पुसा. अॅक्रिलिकला अमोनिया असलेलं द्रव्य चालत नाही, नुसतं किंचित ओलं फडकं पुरे. बुरशी दिसली तर घरात झटकू नका. मास्क आणि हातमोजे घाला, ती तसबीर बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या सावलीत ठेवा आणि जाणकाराला विचारा. साथीच्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात, तसंच हे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीही पाठीचीच. फ्रेम उलटी कराल तेव्हा तिथे काही लिहिलेलं आहे का बघा. बहुतेक ठिकाणी कोरं असतं. ती नऊवारीतली बाई कोण, कुठल्या गावची, फोटो मुंबईत काढला की पनवेलला, हे आपल्याला तोंडपाठ आहे म्हणून आपण लिहीत नाही. पण आपल्या डोक्यातलं आपल्याबरोबर जातं. मुलांच्या हातात मग सुंदर फ्रेम राहते आणि आत एक अनोळखी बाई. घर रिकामं करताना अनोळखी बाईला कोण ठेवून घेतं?

म्हणून एका जाडसर कागदावर मऊ पेन्सिलीने नाव, नातं, गाव आणि साल लिहा. साल नक्की ठाऊक नसेल तर 'लग्नानंतर लगेच' एवढं लिहिलं तरी चालेल. मराठीत लिहा आणि हिब्रूतही लिहा, कारण नातवंडांना देवनागरी वाचता येईलच असं नाही. तो कागद फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला लावा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पसरते आणि दाबाचा वळ पुढे उठतो. हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा आणि नातवाला लिहू द्या. तेवढ्या वेळात त्याच्या कानावर चार नावं पडतील, ती कुठल्याही पुठ्ठ्यापेक्षा जास्त टिकतील.

नव्याच्या सणाला अजून अवकाश असेल तर दर आठवड्याला एक तसबीर उतरवा. एकट्याने स्टुलावर चढू नका. आपल्या वयात पडणं परवडत नाही, हे मात्र मी नर्स म्हणूनच सांगते! सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.