मडी आणि मरी

कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा ज्या घरात नांदतात, तिथं काही शब्द मोठी गंमत करतात. ‘मरी’ हा त्यातलाच एक. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. बेक्किन मरी म्हणजे मांजराचं पिल्लू, नायि मरी म्हणजे कुत्र्याचं. मराठी कानाला मात्र मरी म्हटलं की पटकीची साथ आणि वेशीवरची मरीआईच आठवते. आणि हिंदी मुलखात हाच शब्द काय गोंधळ घालतो, ते मी २०२३ च्या डिसेंबरात भोपाळला पाहिलं.

माझी अक्का भोपाळच्या सोनागिरीत राहते. पिपलानीला लागून असलेली ही वसाहत. १९५६ साली भोपाळमध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, पुढं १९७४ मध्ये ती ‘भेल’मध्ये विलीन झाली. या कारखान्यानं देशभरातून माणसं ओढून आणली, त्यातच अक्काचे सासरेही होते. त्यांच्याबरोबर धारवाडहून आलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अम्मा, आता ऐंशीच्या पुढं आहेत. देवाशी आणि नातवंडांशी कन्नड, सुनेशी मराठी आणि भाजीवाल्याशी हिंदी, असा त्यांचा व्यवहार ठरलेला. घर माध्व वैष्णवांचं. स्वयंपाकघरात कांदा-लसूणही चालत नाही. नैवेद्याचा स्वयंपाक मडीत, म्हणजे आपल्या सोवळ्यात. साठ वर्षं परमुलखात काढली, पण अम्मांची मडी तसूभर ढळली नाही.

अशा घरात माझ्या भाचीनं एक मांजराचं पिल्लू आणलं! शेजारच्या स्कूटरखाली थंडीत कुडकुडत बसलेलं, जेमतेम दोन महिन्यांचं. अम्मांनी ‘व्हरांड्याच्या आत यायचं नाही’ एवढ्या अटीवर त्याला ठेवून घेतलं. मी नाताळच्या सुटीला जोडून रजा काढली आणि बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं भोपाळला पोहोचले, तेव्हा पिल्लू येऊन आठवडा झाला होता आणि त्यानं नुकतंच खाणं सोडलं होतं. डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक चोंदलेलं, अंग गार. वाटीजवळ नेलं की तोंड फिरवायचं.

आपल्याकडे आजारी मांजर म्हटलं की पहिली धाव दुधाकडे. अम्मांनीही कोमट दुधात साखर घालून दिलीच होती. पिल्लानं हुंगलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते ऐकून आम्ही सगळेच चकित झालो. मांजराला गोड चवच कळत नाही! गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, असं २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. शिवाय आईचं दूध सुटल्यावर गाईचं दूध पचवायची ताकद पिल्लात उतरत जाते. वरून जुलाब लागले तर अशा अशक्त जिवाचं काही खरं नसतं.

“मांजराला सर्दी झाली की ते उपाशी राहतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “कारण ते अन्न आधी नाकानं खातं. वास नाही, तर भूक नाही.” पिल्लाचं वजन भरलं ६२० ग्रॅम. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, औषध आणि डोळ्यांचे थेंब लिहून दिले आणि बजावलं, की आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काही घातलं तर ते पचत नाही. तापावरची आपली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही द्यायची नाही, मांजराला ते विषच आहे. आणि शेवटी आलं ते वाक्य, ज्यानं अक्काचा चेहरा उतरला : “याला मांस लागेल. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं, बारीक वाटून.”

मांजर हा वरणभातावर जगणारा प्राणीच नव्हे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो मिळाला नाही, तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. घरी आल्यावर भाचीनं हे सगळं अज्जीला कन्नडमध्ये समजावलं. अम्मा काही बोलल्या नाहीत, जपमाळ घेऊन बसल्या. भावजी म्हणाले, “देऊन टाकू कुणाला तरी.” भाचीचे डोळे भरून आले.

मार्ग शेजारणीनं काढला. चिकन ती तिच्या घरी उकडणार, भाची तिकडं जाऊन पिल्लाला भरवून आणणार. दोन दिवस तसं चाललं. सुई काढलेल्या सिरिंजनं, ओठाच्या कोपऱ्यातून, अर्धा-अर्धा मिलिलिटर पातळ पेज. मान मागं करायची नाही, नाहीतर घास फुफ्फुसात जातो. दर तीन-चार तासांनी हा उद्योग. पण डिसेंबरातल्या भोपाळच्या थंडीत रात्री-अपरात्री कुंपण ओलांडून न्यायचं म्हणजे मिळवलेली ऊब पुन्हा घालवायची. वजन उतरून ५९० वर आलं.

तो दिवस २३ डिसेंबर, वैकुंठ एकादशी. अम्मांचा निर्जळी उपास. व्हरांड्यात एका टोकाला अम्मा पाण्याच्या थेंबाशिवाय बसलेल्या आणि दुसऱ्या टोकाला पेटाऱ्यात ते पिल्लू, तेही उपाशी. एकीचा उपास श्रद्धेचा, दुसरीवर तो लादलेला. बराच वेळ पिल्लाकडे पाहून अम्मांनी भाचीला हाक मारली. “आजारी लेकराला थंडीत फिरवू नको. मागची अडगळीची खोली आहे, तिथं छोटी शेगडी मांड. भांडं वेगळं ठेव. तिथलं काही स्वयंपाकघरात येता कामा नये.”

अक्का बघतच राहिली. “पण अम्मा, तुमची मडी?”

“मडी माझी आहे,” अम्मा शांतपणे म्हणाल्या, “मरीची नाही.”

मी महाविद्यालयात भाषा शिकवते. श्लेष म्हणजे काय हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते. पण इतका सहज आणि इतका खोल श्लेष मी वर्गात कधी सांगितलेला नाही.

त्या रात्रीपासून कामं वाटली गेली. चिकनच्या भांड्याला अम्मा शिवल्या नाहीत, ते खातं भाचीचं. अम्मांनी नाकाचं खातं घेतलं. कोमट मीठपाण्यात भिजवलेल्या कापसानं त्या पिल्लाचं नाक आणि डोळे तासातासाला पुसत. “मला पडसं झालं की अन्न मण्णु लागतं, मातीसारखं. हिला काय वेगळं?” हे त्यांचं शास्त्र डॉक्टरांच्या शास्त्राशी तंतोतंत जुळणारं होतं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पेटाऱ्यात. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला दहा मिनिटं तिथं घेऊन बसायचं. अन्न अंगाच्या उबेइतकंच कोमट, म्हणजे वास वर यावा. आणि खाल्लं नाही तर वाटी लगेच उचलायची, कारण नकोशा झालेल्या अन्नापुढं सतत बसवलं की मांजर त्या अन्नाचाच तिटकारा करतं.

चोवीस तारखेला सकाळी वजन ५८०. भाची रडकुंडीला आली. संध्याकाळी मात्र नाक पुसून झाल्यावर पिल्लानं मान वर केली, हवेत काहीतरी हुंगलं. भाचीनं वाटी पुढं सरकवली. अम्मा दाराबाहेर पाटावर बसून हळूच म्हणत होत्या, “बा मरी, स्वल्प तिन्नु. तिन्नु मरी...”

पिल्लानं जीभ लावली. एकदा, थांबून दुसऱ्यांदा, आणि मग वाटीत तोंडच घातलं. चमचाभर खाल्लं असेल, पण आनंदानं अम्मांचा आवाज चढला. “मरी! मरी!” कुंपणापलीकडून शेजारीण धावत आली, “हाय राम! मर गई क्या?” हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी निघाले त्या दिवशी, ३१ डिसेंबरला, वजन ६६० ग्रॅम होतं. पूर्ण बरं झाल्यावर लसही टोचून झाली.

मांजर पाळणाऱ्यांना एवढंच सांगेन, की पिल्लानं एक दिवस जरी खाल्लं नाही, तरी ‘उद्या खाईल’ म्हणून थांबू नका. त्याच्या अंगात साठा फार थोडा असतो. धष्टपुष्ट मांजरानंही काही दिवस अन्न सोडलं, तर अंगातली चरबी यकृतात साचून ते दगावू शकतं.

पण माझ्या मनात राहून गेलं ते अम्मांचं वाक्य. आपल्या सीमाभागातल्या घरांत एकीकडून सून येते, दुसरीकडं लेक जाते. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली मुलगी भाताच्या घरात पडते. म्हातारे आईवडील लेकाच्या शहरी फ्लॅटमध्ये जाऊन ताटावरून उठतात. आपण म्हणतो, इतकं चांगलं करून वाढलं, तरी खात नाहीत! ‘चांगलं’ म्हणजे आपलं चांगलं. समोरच्याला काय जातं, त्याचं नाक कशानं चोंदलंय, हे कोण विचारतो? अम्मांनी आपला एकही नियम मोडला नाही. फक्त तो दुसऱ्याच्या ताटावर लादला नाही.

परवा अक्काचा फोन आला होता. मरीचं आता चांगलं दांडगं मांजर झालंय. अडगळीच्या खोलीत खिळ्याला तिचं भांडं टांगलेलं असतं. ते घासायचं राहिलं, तर सगळ्यांत आधी अम्माच ओरडतात म्हणे.