अडीच सेकंद

संकेतस्थळांचा दर्शनी भाग घडविणे हा माझा धंदा. म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू सजविणारा मी कारागीर!

परवा पुण्यात आम्हा मंडळींची परिषद भरली होती. नव्या युक्त्यांची नुसती लयलूट! एक वक्ते मात्र गूगलचे दंडक सांगत बसले : पानावरचा मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसावा. बोट टेकताच 200 मिलिसेकंदांत पानाने ओ द्यावी. हा दुसरा दंडक 2024 पासूनचा. मी मान डोलावली अन् चहाला उठलो.

दुसऱ्या दिवशी गावी निघालो. आत्याच्या बचत गटाला तांदूळ विकण्यासाठी मी एक झोकदार पान करून दिले होते. भोरला चुलतभावाच्या घरी ते झटकन उघडले. मी खूश! पण वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी, आत्याच्या जुन्या फोनवर चक्र फिरतच राहिले.

"अरे, दारच उघडत नाही तुझं," आत्या म्हणाली, "आत तांदूळ आहे की नाही, गिऱ्हाइकाला कळायचं कसं? महिना झाला, एक मागणी नाही."

महिनाभर ती मुकाट्याने त्या चक्राकडे पाहत होती!

टिम बर्नर्स-ली यांचे 1991 चे पहिले पान म्हणजे निव्वळ अक्षरे. पण ते आजही उघडते. त्या रात्री मी माझी हलती चित्रे नि नक्षीदार अक्षरे काढून टाकली. सकाळी आत्याने ओसरीवर बसून स्वतःच नोंद केली : इंद्रायणी, पाच पोती.

चहाला न उठता ते भाषण ऐकायला हवे होते.